गुळाचा ताळा

मी चौथीपर्यंत शिकले. त्यातलं एकच डोक्यात राहिलं, ते म्हणजे ताळा. वजाबाकी झाली की मास्तर म्हणायचे, "आता उलटी बेरीज कर." वरचा आकडा परत आला तर गणित खरं. नाही आला तर छडी. उत्तर पाटीवर कितीही ठसठशीत दिसत असलं, तरी ताळा केल्याशिवाय ते मानायचं नाही, एवढं त्या माणसानं आमच्या तळहातांवर वळ उठवून शिकवलं. बाकी माणूस म्हणून तो काही चांगला नव्हता.

लग्न होऊन सासरी आले तेव्हा कळलं, की मोठी माणसं ताळा करतच नाहीत. ती उत्तर आधी ठरवतात आणि त्या उत्तराला शोभेल असं गणित मागाहून मांडतात. त्यालाच ती विचार म्हणतात. "आमी इचार करून बोलतोय," असं कुणी म्हणालं की मी आजही सावध होते. बहुतेक वेळा तो माणूस कुणाला तरी घराबाहेर काढायच्या बेतात असतो.

लढाईची सालं होती. माझं माहेर माणातलं. तिकडं बाजरी, मेंढरं आणि मुंबईला गेलेले बाप. सासर कृष्णेकाठचं, सांगलीच्या वाटेवरचं, उसाचं. घरात सासरे, सासू, आम्ही दोघी जावा. थोरले दीर पलटणीत, समुद्रापलीकडं कुठंतरी. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, तिला मी अक्का म्हणायची. तिला एकच लेक, नुकती बोलायला लागलेली. आईबाप मेलेले, भाऊ नाही. सांगलीच्या अलीकडं एका खेड्यात एक चुलता होता, तेवढंच तिचं माहेर. माझा नवरा धाकटा. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बाप बोलायला लागला की तो बैलांना पाणी पाजायला जायचा.

गुऱ्हाळ आमच्या एकट्याचं नव्हतं. भावकीत मिळून एक चरक, एक मोठी काहील, आणि पाळीपाळीनं ज्याचा त्याचा ऊस गाळायचा. बैल चरकाभोवती फिरत, रस काहिलीत पडे, खाली चुलवाणात चिपाडं जळत. काहिलीपाशी गुळव्या उभा. गूळ कधी उतरवायचा हे त्याच्या एकट्याच्या हातात. मालकसुद्धा तिथं त्याला उलटून बोलत नसे.

त्या गुळव्याचं काम मी निरखून पाहिलेलं आहे. पाक उकळून तांबूस झाला, त्याला मोठमोठे बुडबुडे आले, की बघणारा कुणीही म्हणे, झाला गूळ. गुळव्या मानत नसे. तो थोडासा पाक थंड पाण्यात टाकी, बोटांनी त्याची गोळी करी, ती गोळी काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐके. आवाज नाही आला तर आणखी उकळू दे. पुन्हा पाणी, पुन्हा गोळी. डोळ्यांवर विश्वास नाही, वासावर नाही, स्वतःच्या इतक्या हंगामांच्या हातावरही नाही. हा खरा ताळा. आणि हाच माणूस काहिलीपासून चार हात लांब गेला की वाट्टेल ते पाण्यात न टाकता गिळायचा, आणि आम्हालाही गिळायला लावायचा.

गुऱ्हाळाचा एक नियम होता. बाजूला बसलेल्या, म्हणजे विटाळशी बाईनं तिकडं फिरकायचं नाही. तिची सावली पडली तर गूळ बसत नाही, म्हणजे घट्ट होत नाही, काकवीसारखा लोळत राहतो. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. माझ्या माहेरी ऊस नव्हता तरी मी हे ऐकून होते आणि खरं मानत होते. खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी शिमग्याच्या आधी आमची पाळी आली. सासऱ्यांनी मळीचा, म्हणजे नदीकाठच्या रानातला ऊस तोडून गुऱ्हाळापाशी आणून टाकला. तेवढ्यात पाटलाचा निरोप आला, की आमच्या घरी लग्न आहे, आमची पाळी आधी घ्या. पाटलाला नाही म्हणायची सासऱ्यांची छाती नव्हती. घरात मात्र त्यांनी मिशीला पीळ देऊन सांगितलं, "पाटलानं माज्याकडं शबूद टाकला. दुसऱ्या कुणाकडं न्हाई टाकला." एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत आमचा तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला. त्याची टोकं लाल झाली. त्यावर गांधीलमाश्या घोंगावायला लागल्या. मी गुरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला गेले तेव्हा एक कांडं सोलून दाताखाली धरलं. आंबूस लागलं. थुंकून टाकलं.

मग आमचं गाळप सुरू झालं. त्या दिवशी सकाळची भाकरी मी पोचवली, दुपारची अक्कानं. संध्याकाळी गूळ निवायला वाफ्यात, म्हणजे काहिलीशेजारच्या पसरट हौदात, ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन गेले, तर सगळे वाफ्याभोवती मयताला जमल्यासारखे उभे. गूळ बसला नव्हता. बोट घातलं की तार निघत होती.

गुळव्या डोक्याचं मुंडासं सोडून झटकत होता. म्हणाला, "मालक, माज्या हातात खोट न्हाई. गोळी वाजली व्हती. कुणाचा तरी इटाळ झालाय."

मी भाकरीची पाटी खाली ठेवली आणि बोलले. "ऊस शिळा हाय. मी खाऊन बघितलाय. आंबलाय त्यो."

गुळव्या हसला.

"ऐका रं गड्यांनो! माणदेशची पोर आमाला ऊस शिकवाया आली. आगं, तुज्या म्हायारात मेंढरं चारत्यात. लगीन व्हायच्या आदी ऊस कवा चित्रात तरी बघितला व्हतास का?"

चरकावरचा गडी म्हणाला, "लेंड्या वळकायला सांगा तिला. बिनचूक सांगंल."

सगळे हसले. सासरेही हसले. हसता हसता ते पडलेल्या उसाकडं बघत नव्हते, हे मी पाहिलं. गुळव्याही बघत नव्हता. एवढा सगळा ऊस डोळ्यांसमोर ढिगानं पडलेला, आणि त्या जागी उभा असलेला एकही माणूस तिकडं मान वळवत नव्हता. तेव्हाच मला कळलं, की ह्यांना कळत नाही असं नाही. गुळव्याला शिळा ऊस कळत नसेल तर त्यानं हात कापून द्यावेत. पण ऊस शिळा म्हटलं, की तो शिळा का झाला, हा प्रश्न येतो. मग पाटील येतो, आणि पाटलापुढं मान डोलावणारे आमचे सासरे येतात. आणि शिळा ऊस काही न बोलता चरकात घालू देणारा गुळव्याही येतो. विटाळ म्हटलं की ह्यातलं कुणीच येत नाही. फक्त एक बाई येते.

एखादं उत्तर सगळ्यांनाच एकदम पटलं, तर ते कुणाकुणाला सोडवतं ते आधी बघावं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. त्या वाफ्यापाशी उभ्या उभ्या शिकले.

आता बाई कोण, एवढंच ठरवायचं होतं. त्याला फार वेळ लागला नाही. त्याच सकाळी अक्का बाजूला बसली होती.

घरी सासूबाईंनी ओटीवरूनच सुरुवात केली. "काल दुपारी भाकरी कोण घिऊन गेलं व्हतं? हीच न्हवं? आन आज सकाळी बसली. कालच झालं आसंल, लपिवलं रांडंनं."

आणि मग सगळ्यांना आठवायला लागलं. चरकावरच्या गड्याला आठवलं, की ती वाफ्यापाशी जरा जास्तच वेळ घुटमळली. शेजारणीला आठवलं, की काल ती विहिरीवर गप्प गप्प होती. सासूबाईंना आठवलं, की ती तुळशीला पाणी न घालताच वळली. आदल्या दिवशी ह्यातलं कुणी काही पाहिलं नव्हतं. आधी चोर ठरला, आणि मग त्याची पावलं अंगणभर उमटली. मी म्हणाले, "काल तुळशीला पाणी मी घातलं. ते काम अक्काकडं नव्हतंच." सासूबाई म्हणाल्या, "तू तोंड मिट."

त्याच शिळ्या उसाची दुसरी काहील उतरवली. तीही बसली नाही. अक्का तेव्हा गोठ्याच्या वळचणीला होती, गुऱ्हाळापासून पार लांब. कुणालाही वाटेल, आता तरी म्हणतील, की हिचा काय संबंध? पण नाही. गुळव्या म्हणाला, काहिलीला विटाळाचा डाग लागला, तो अजून उतरला नाही. म्हणजे ती आली तरी तिच्यामुळं, नाही आली तरी तिच्यामुळं. असलं उत्तर मोठं नामी असतं. ते कधी खोटं पडतच नाही. आणि जे कुठल्याच बाजूनं खोटं पडू शकत नाही, त्याचा ताळा करायचा तरी कसा?

सासऱ्यांनी ठरवलं. पोराला कळवायचं नाही. तो लढाईवरून येईल तेव्हा बघू, दुसरं लगीन करून देऊ. हिला चुलत्याच्या घरी घालवायचं. नात मात्र आपली, ती इथं राहील. चुलत्याचा सांगावाही आला, एका पोटाला आसरा देईन, दोन पोटं आणू नका.

मी गोठ्यात गेले. अक्का वळचणीला तरटावर बसली होती, लेक लांबून तिच्याकडं हात करून रडत होती, आणि तिला आईला शिवायची बंदी होती.

"अक्का, खरं सांगा. कवा झालं?"

"सकाळी. दिवस उगवल्यावर."

"म्हंजी भाकरी निली तवा काय नव्हतं?"

"नव्हतं."

"मग तसं सांगा की समद्यांस्नी. गप का बसलाय?"

ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून म्हणाली, "सकाळी आलं म्हंजी आदल्या दिशी पोटात आसंलच की गं. आपल्याला काय कळतंय? माजंच झालं आसंल."

मला तेव्हा त्या बाईचा जेवढा राग आला, तेवढा सासूचाही आला नाही. लेक हातातून निघाली होती, नवरा निघाला होता, आणि ही स्वतःच्या पोटात त्याचं कारण शोधत बसली होती. मी तिला तेव्हा धीराचा एक शब्दही बोलले नाही. उठून आले.

लोकांना वाटतं, मी तिच्या मायेपोटी पुढचं केलं. तसं काही नव्हतं. ती गेली तर तिच्या वाट्याचं दळण-कांडण, शेण, धुणं माझ्या अंगावर येणार होतं. आणि पुढच्या वेळी गूळ बिघडला तर बाई कोण, ह्याला उत्तर एकच उरणार होतं. घरात दुसरी सून मीच.

गुऱ्हाळावर चिपाडं वाळवायला मजुरीच्या बाया असत. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज. त्यांतली एकही कधी बाजूला बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. हे कुणाच्या डोक्यात कसं येत नाही? मी त्यांच्यातल्या एकीला आडून विचारलं, "तुमाला कावळा शिवत न्हाई व्हय?"

ती खो खो हसली. म्हणाली, "न्हाई शिवत बाई. कावळ्यालाबी ठावं हाय, ही बसली तर हिची पोरं काय खात्याल?" मग हसू आवरून म्हणाली, "कुणाला सांगशील तर चिपाडानं हाणीन."

म्हणजे नियम होता, पण तो फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना बसायला परवडत होतं. आणि इतक्या वर्षांचा सगळा चांगला गूळ ह्या बायांच्या सावलीत बसला होता. पण हे पंचांपुढं बोलून उपयोग नव्हता. बाया नाही म्हणाल्या असत्या, आणि त्यांची रोजी गेली असती. मला कुणाचं काही न जाता ताळा हवा होता.

मी माझ्या परीनं गणित मांडलं. त्या दिवशी दोन गोष्टी एकदम होत्या. ऊस शिळा होता, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणं विटाळ होता. दोन्ही एकत्र असताना कुठलीनं केलं ते कळणार नाही. एक ठेवायची, एक काढायची. आता ओढ्याकाठचा ऊस तुटायचा होता. पाटलाची पाळी उरकली होती, त्यामुळं सकाळी तोडलेला ऊस त्याच दिवशी चरकात जाणार होता. म्हणजे शिळेपण निघालं. उरला विटाळ. तो आणणं माझ्या हातात होतं.

माझे दिवस आले तेव्हा मी बाजूला बसले नाही. कुणाला काही बोलले नाही. सकाळ-दुपार दोन्ही वेळच्या भाकरी मीच घेऊन गेले. नुसती सावली पाडून आले असं नाही. अर्धवट ताळा मला नको होता. मी रसाच्या पिंपाला हात लावला, काहिलीजवळ उभी राहिले, चुलवाणात चिपाडं सारली. मी काही देव न मानणारी बाई नव्हते. काहील फुटेल, गुळव्या मरून पडेल, असं काहीतरी मनात येत होतं. गूळ बिघडला तर मान्य करायचं, आणि अक्काच्या शेजारी गाडीत जाऊन बसायचं, एवढं मी ठरवून टाकलं होतं. आपण चुकलो तर काय करायचं हे आधी ठरवलं नसेल, तर तो ताळा नव्हे, ती नुसती खुमखुमी.

गूळ बसला. असा बसला, की ढेप वाजवली तर घागरीसारखा नाद येई. पिवळाधमक, कणीदार. माझे दिवस संपेपर्यंत रोज गेले. एका काहिलीनं काय होतंय? एकदा कुणालाही नशिबानं साधतं. रोज गूळ तसाच. गुळव्यानं स्वतःच्या हातानं मला एक खडा दिला. "खा. बघ कसा झालाय. घाण गेली की गूळ बसतोच." घाण त्याच्यासमोर उभी राहून खडा चघळत होती.

घरात एक भलतंच झालं. मी बसले नाही म्हणून सासूबाईंनी हिशेब केला, की हिला दिवस गेले. तोंडानं बोलल्या नाहीत, पण माझ्या भाकरीवर तुपाचा चमचा पडायला लागला. एकच खूण दिसली आणि उत्तर मनासारखं असलं, की मानलं. मी तूप खाल्लं. कुणी फुकट देत असेल तर का सोडा?

गाडी जायचा दिवस आला. ओढ्याकाठच्या गुळाच्या ढेपा सांगलीच्या पेठेला न्यायच्या होत्या, आणि चुलत्याचं खेडं वाटेवरच होतं. वेगळी गाडी जुंपायची गरज नाही, असं सासरे म्हणाले. ढेपा भरल्या, त्यांवर तरट टाकलं, आणि तरटावर अक्काचं बोचकं ठेवलं. अक्का डोक्यावरून पदर घेऊन चाकाजवळ उभी. लेकीला शेजारणीनं कडेवर घट्ट धरलेलं. बघायला भावकी जमलेली. गुळव्याही आला होता, त्याला सांगलीला जायचं होतं.

मी उंबऱ्यातून खाली उतरले आणि म्हणाले, "मामंजी, ह्यो गूळ सांगलीला न्हेऊ नगा. बाटलाय."

सासरे बैलाची वेसण धरून तसेच वळले. "काय म्हनतीस?"

"ह्यो समदा गूळ बाटलाय. मी बाजूची व्हते. रोज गुऱ्हाळात येत व्हते. रसाला हात लावलाय, चुलवाणात चिपाडं घातल्यात. ह्या गुळव्यानं मला खडा दिलाय त्यो त्याच्यासमोर खाल्लाय."

कुठल्याही सुनेनं सासऱ्यापुढं हा विषय तोंडातून काढायचा नसतो. तिथल्या दोघांचौघांनी तर मान खाली घातली, जणू मी लुगडं सोडलं होतं. नवरा बैलांना पाणी पाजायला निघाला. बैल नुकतेच पिऊन गाडीला जुंपलेले होते, तरी निघाला.

गुळव्या म्हणाला, "खोटं! ही जावंला वाचवाया खोटं बोलती. इटाळ झाला असता तर गूळ बसलाच नसता!"

"मग आत्याबाईंनी परड्यात जाऊन बघावं. धुतलेली फडकी अजून वाळत्यात."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग तुपाचा हिशेब त्यांच्या डोक्यात उलटा फिरला असणार, कारण त्या तडक परड्यात गेल्या. परत आल्या त्या हातात खराटा घेऊन. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला. त्यांनी तोंडानं काही सांगितलं नाही, पण त्या फटक्यानं सगळ्यांना कळलं, की मी खरं बोलतेय. इतका चोख पुरावा मला दुसऱ्या कुठून मिळाला नसता.

दुसरा फटका चुकवून मी म्हणाले, "आता सांगा मामंजी. इटाळानं गूळ बिघडतो म्हणता, तर ह्यो गूळ वड्यात वता, आन मलाबी अक्कासंगं गाडीत घाला. न्हाईतर ह्यो गूळ चांगला हाय म्हणा. मग अक्कानं काय बिघाडलं? चांगला गूळ न्यायचा आन तिलाबी न्यायची, आसं दोन्ही न्हाई व्हायचं."

भावकीतला एक म्हातारा बोलला, "बेशरम! आरं, जीभ हासडा हिची."

"हासडा," मी म्हणाले. "गूळ तेवढा आदी वता."

सासऱ्यांनी गाडीकडं बघितलं. काय चाललं होतं त्यांच्या मनात ते मला स्पष्ट दिसत होतं, कारण त्यांची नजर माझ्यावर नव्हती, अक्कावर नव्हती, रडणाऱ्या नातीवर तर नव्हतीच. ती ढेपांवर होती. सगळ्या गावानं तो गूळ पाहिला होता, वाजवून पाहिला होता. आधीचा शिळ्या उसाचा गूळ गेलाच होता, गुरांपुढं टाकायच्या लायकीचा राहिला होता. हंगामाचं उरलेलं सगळं त्या एका गाडीत होतं.

त्यांनी पुढं होऊन तरटावरचं बोचकं उचललं आणि जमिनीवर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. म्हणाले, "घरात चला."

एवढंच. चुकलो म्हणाले नाहीत. ऊस शिळा होता म्हणाले नाहीत. पाटलाचं नाव तर मेल्यावरही त्यांच्या तोंडून निघालं नसतं. त्या दिवशी माझं बोलणं पटून त्यांनी निर्णय फिरवला, असं कुणी समजू नये. खोट्याची किंमत पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या खिशातून जाणार होती, म्हणून फिरवला. माणसाच्या डोक्यात शिरायची तीच एक वाट आहे, हे मी तेव्हा पाहिलं. त्यानंतर दुसरी वाट मला कधी सापडलेली नाही.

गाडी निघायच्या आधी गुळव्यानं उपाय काढला. गोमूत्र आणवलं आणि सगळ्या ढेपांवर शिंपडलं. शुद्ध झाला म्हणाला. मग तो शुद्ध गूळ सांगलीला गेला. अडत्यानं ढेप फोडून तुकडा तोंडात टाकला आणि असा गूळ दर हंगामाला आणा म्हणाला, हे सासऱ्यांनीच घरी येऊन मिशीला पीळ देत सांगितलं. मी त्या वेळी परड्यात भांडी घासत होते. खांदा दुखत होता. तुपाचा चमचा बंद झाला होता.

पुढच्या हंगामापासून बायांनी गुऱ्हाळात जायचंच नाही असं ठरलं. भाकरी गडी नेऊ लागला. मजुरीच्या बाया मात्र होत्याच, त्यांना कावळा शिवत नव्हता. दोन-एक वर्षांनी पुन्हा एकदा ऊस पडून राहिला आणि पुन्हा गूळ लोळला. तेव्हा म्हणे, वाटेनं जाणाऱ्या कुठल्यातरी बाईची सावली पडली. कुठल्या बाईची, ते कुणी विचारलं नाही. बाई सापडली नाही म्हणून तेवढ्यावर भागलं.

थोरले दीर लढाई संपल्यावर परत आले. एक कान बहिरा, बाकी धड. दुसरं लगीन झालं नाही. त्यांना ह्यातलं काही सांगितलं गेलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. पुढं अक्काला दोन मुलगे झाले. ती त्याच घरात म्हातारी झाली. लेक तिच्याजवळ वाढली, तिच्या हातानं तिचं लग्न झालं. त्या गाडीबद्दल ती माझ्याशी एका शब्दानं बोलली नाही. उलट बरीच वर्षं माझ्यापासून चार हात लांब राहिली. विटाळात गुळाला हात लावणारी बाई, म्हणून.

मग तिच्या सुना आल्या. एकदा हंगामात मी गुऱ्हाळाच्या वाटेनं चालले होते, तर तिची धाकटी सून बांधावर उभी होती. डोक्यावर भाकरीची पाटी, आत जायची हिंमत नाही. गडी आजारी म्हणून तिला पाठवलेली. आमचा विटाळ संपलेला, म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना आत जायची मुभा होती. अक्का आतून ओरडत होती, "तितंच थांब! पाऊल टाकू नगंस! गुळाचा घात करशील!"

मी आत गेले. म्हणाले, "अक्का, ते साल इसरलात व्हय? माज्या हातचा गूळ सांगलीला गेला व्हता की."

अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "तवाची गोष्ट येगळी. त्यो गोमूत्रानं सुधारला."

"गोमूत्र गाडीवर शिंपडलं व्हतं. गूळ त्याच्या आदीच बसला व्हता. ढेपा बांधून झाल्या व्हत्या."

"आसंल," ती म्हणाली. "तुजं तू बघ."

मी बाहेर आले, त्या पोरीच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली आणि तिला म्हटलं, "उन्हात उभी ऱ्हाऊ नगंस, घरला जा." भाकरी मीच आत नेऊन ठेवली. बांधाच्या कडेला तोडलेला ऊस पडला होता. जाता जाता एक कांडं सोलून दाताखाली धरलं. ताजा होता. गूळ बसणार होता. ह्या खेपेला तरी त्या पोरीचं काही बिघडणार नव्हतं.